घरच्या राउटरचं फायरवॉल आणि बाकीच्या सर्व्हिसेस: लातूरच्या आमच्या घरात सगळं कसं बसवलं, पहिल्यापासून

दोन वर्षांखालची गोष्ट आहे, दसऱ्याच्या आसपासची. लातूरला गंजगोलाईजवळ आमचं बी-बियाणं आणि खताचं दुकान आहे, वरच्या मजल्यावर घर, आणि दुकान-घर मिळून एकच फायबरचं कनेक्शन. सात-आठ दिवस झाले नेट नुसतं रडत होतं, बिल काढायला बसलं की स्क्रीनवर गोल फिरत राहायचं, पुतणीचं नीट परीक्षेचं ऑनलाइन लेक्चर अडकायचं, आणि स्पीड टेस्ट लावली तर डाउनलोड ठीक पण अपलोड जवळजवळ शून्य. शेवटी एका रात्री एकेक वायर काढून बघत बसलो. कॅमेऱ्याच्या डीव्हीआरची, म्हणजे रेकॉर्डिंग करणाऱ्या डब्याची, वायर काढली की नेट मोकळं, लावली की परत गच्च. डीव्हीआरचा लॉग उघडला तर रात्री अडीच-तीन वाजता कुणीतरी लॉगिन केल्याच्या ओळीच्या ओळी, आणि त्या वेळेला आमच्या घरात एक माणूस जागा नसतो. कॅमेरे बसवणाऱ्याने मोबाइलवर पटकन दिसावं म्हणून डीव्हीआर राउटरच्या डीएमझेडमध्ये टाकून दिला होता, म्हणजे बाहेरून जे काही येईल ते सगळं सरळ त्या डब्यावर, आणि पासवर्ड कंपनीतून आला तोच ठेवलेला. दुकानाचा गल्ला, घरचा जिना, अंगणात खेळणारी लेकरं, हे सगळं किती दिवस कोण बघत होतं ते आजपर्यंत कळलं नाही.

त्यानंतर मी हे सगळं नीट शिकून घेतलं आणि तेच इथं सविस्तर लिहितोय. एक गोष्ट आधीच सांगतो. फायरवॉल म्हणजे नेटवर कोण आत येणार आणि कोण बाहेर जाणार हे ठरवणारा राउटरमधला पहारेकरी. राउटर कारखान्यातून येतो तेव्हा हा पहारा बऱ्यापैकी कडकच असतो, आतला माणूस बाहेर जाऊ शकतो पण बाहेरचा आपणहून आत येऊ शकत नाही. दारं आपणच उघडतो, नाहीतर आपल्या नावानं दुसरा कुणी उघडून जातो. त्यामुळं या कामात नवीन नियम लावण्यापेक्षा आधी उघडी राहिलेली दारं शोधणं जास्त महत्त्वाचं आहे. २०१६ मध्ये मिराय नावाचं मालवेअर, म्हणजे घातक सॉफ्टवेअर, पसरलं होतं, त्यानं फार हुशारी काही केली नव्हती, बाहेरून टेलनेट, म्हणजे लांबून लॉगिन करायचा जुना रस्ता, उघडं असलेले कॅमेरे, डीव्हीआर आणि राउटर शोधायचे आणि कारखान्यातले ठरलेले युजरनेम-पासवर्ड टाकून बघायचे एवढंच. त्यातल्या लाखभर यंत्रांनी मिळून २१ ऑक्टोबर २०१६ ला डिन या डीएनएस, म्हणजे साइटच्या नावावरून पत्ता शोधून देणाऱ्या, कंपनीवर एवढी गर्दी केली की ट्विटर आणि नेटफ्लिक्ससारख्या साइट काही तास धड उघडत नव्हत्या. लोकांच्या घरातले साधे कॅमेरे होते ते, आमच्यासारखेच.

आधी कागद घ्या

कॉम्प्युटरला हात लावायच्या आधी एका वहीत घरातली नेटवर चालणारी प्रत्येक वस्तू लिहून काढा. आमच्याकडं निघाल्या तेवीस, मला वाटलं होतं दहा-बारा असतील. प्रत्येकापुढं दोन गोष्टी लिहायच्या, हिला बाहेर इंटरनेटवर जायची गरज आहे का, आणि हिला घरातल्या दुसऱ्या वस्तूशी बोलायची गरज आहे का. बिलिंगच्या कॉम्प्युटरला दोन्ही पाहिजे कारण प्रिंटर घरातला आहे आणि जीएसटी बाहेर भरायचा आहे. टीव्हीला फक्त बाहेर. प्रिंटरला फक्त घरात. कॅमेऱ्याला नीट विचार केला तर बाहेर जायची काहीच गरज नाही, आपल्यालाच त्याच्याकडं बघायचं असतं. हा कागद तयार झाला की अर्धं काम झालं असं समजा, पुढचे सगळे नियम यातूनच निघतात.

राउटर कोणता आणि कुठं

फायबरवाल्याने दिलेल्या डब्यातच बहुतेक घरांत सगळं असतं, फायबरचं मोडेम पण तोच आणि वायफाय पण तोच. त्यात साधं फायरवॉल, पोर्ट फॉरवर्ड (बाहेरून ठरावीक पोर्टवर, म्हणजे नंबर दिलेल्या दारावर, आलेलं आतल्या एका यंत्राकडं पाठवणं), गेस्ट वायफाय मिळतं, पण वेगवेगळे भाग पाडून त्यांच्यात नियम लावणं सहसा होत नाही. म्हणून मी त्याच्या मागं स्वतःचा राउटर लावला आणि त्यावर ओपनडब्ल्यूआरटी टाकलं. हे राउटरवर चालणारं फुकटचं सॉफ्टवेअर आहे, २००४ पासून चालत आलेलं. त्यांच्या साइटवर चालणाऱ्या राउटरची यादी असते, त्यात मॉडेलसोबत व्हर्जन पण जुळवून बघा कारण एकाच नावाच्या डब्यात व्ही-१ ला एक चिप आणि व्ही-२ ला दुसरी असं सर्रास असतं, ते डब्याच्या खालच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं. फ्लॅश १६ एमबी आणि रॅम १२८ एमबीच्या खालचा घेऊ नका, पुढं अडचण येते.

आता दोन डबे एकामागं एक लागले. दोघांचाही आतला पत्ता कारखान्यातून १९२.१६८.१.१ असला तर भांडण होतं, बाहेरची बाजू आणि आतली बाजू एकाच गावात असल्यासारखं राउटरला वाटतं आणि नेट येतच नाही. म्हणून पहिलं काम, आपल्या राउटरचा लॅन, म्हणजे घरातल्या बाजूचा, पत्ता बदला. मी १९२.१६८.५० ची मालिका घेतली, राउटर १९२.१६८.५०.१. (ब्राउझरमध्ये टाकताना आकडे इंग्रजीच टाकायचे, मराठी कीबोर्ड चालू राहिला तर पान उघडत नाही, आमच्या भावाने यात अर्धा तास घालवला.) जमत असेल तर कनेक्शनवाल्याला सांगून त्यांचा डबा ब्रिज मोडमध्ये (म्हणजे तो नुसतं मोडेमचं काम करेल असा) टाकून घ्या, मग पीपीपीओई चं, म्हणजे कनेक्शनच्या लॉगिनचं, युजरनेम-पासवर्ड आपल्या राउटरमध्ये बसतं आणि मधला एक टप्पा कमी होतो. व्हीलॅन नंबर (त्यांच्या लाइनवर डेटाला लावायचा क्रमांक) लागतो का तेही त्याच वेळेला विचारून घ्या, नंतर फोनवर कुणी धड सांगत नाही. त्या डब्यावर लँडलाइन चालत असेल तर ब्रिज करायच्या आधी ती बंद पडणार का तेही विचारा.

पहिल्या पंधरा मिनिटांची कामं

ॲडमिनचा पासवर्ड बदला, दोन्ही डब्यांचा. रिमोट मॅनेजमेंट नावाचं काही चालू असेल तर बंद करा, म्हणजे राउटरचं पान बाहेरून उघडणार नाही. फर्मवेअर, म्हणजे डब्याच्या आतलं सॉफ्टवेअर, नवीन टाका. डब्ल्यूपीएस, म्हणजे पासवर्डशिवाय पिननं वायफाय जोडायची सोय, बंद करा, त्यातला आठ आकडी पिन दोन तुकड्यांत तपासला जातो आणि शेवटचा आकडा आधीच्या आकड्यांवरूनच निघतो, त्यामुळं जास्तीत जास्त ११ हजार वेळा प्रयत्न केले की पिन सापडतो, हे २०११ मध्येच उघड झालंय. वायफायच्या सुरक्षेला डब्ल्यूपीए-२ किंवा डब्ल्यूपीए-३ ठेवा. यूपीएनपी पण बंद. यूपीएनपी म्हणजे घरातलं कोणतंही यंत्र परस्पर राउटरला सांगून, तुम्हाला न विचारता, बाहेरून आत यायचं दार स्वतःच उघडून घेऊ शकतं. गेम खेळणाऱ्या पोरांची तक्रार येते की नॅट (घरातले पत्ते बाहेरच्या एकाच पत्त्यामागं लपवणं) स्ट्रिक्ट दाखवतंय म्हणून, त्यांच्या एका यंत्रापुरतं दोन पोर्ट हातानं उघडून देता येतात, त्यासाठी सगळ्या घराची चावी द्यायची गरज नाही.

आणि डीएमझेडचं पान उघडून बघाच, तिथं काही पत्ता भरलेला असेल तर काढून टाका.

पत्ते वाटायची सर्व्हिस

घरातल्या वस्तूंना पत्ते राउटर वाटतो, डीएचसीपी म्हणतात त्याला. ज्यांच्यावर नियम लावायचेत त्यांचा पत्ता कायमचा पाहिजे, नाहीतर आज प्रिंटर २० नंबरवर आणि उद्या लाइट गेल्यावर ३५ नंबरवर, मग नियम भलत्यालाच लागतो. ओपनडब्ल्यूआरटीमध्ये नेटवर्क, मग डीएचसीपी अँड डीएनएस, मग स्टॅटिक लीजेस. तिथं वस्तूचा मॅक ॲड्रेस, म्हणजे त्या यंत्राचा ओळख क्रमांक, निवडायचा, पत्ता द्यायचा आणि नाव लिहायचं. नाव ओळखू येईल असं ठेवा, दुकान-प्रिंटर, वरचा-टीव्ही असं.

मोबाइलच्या बाबतीत एक अडचण आहे. अँड्रॉइड १० आणि आयफोनच्या आयओएस १४ पासून फोन प्रत्येक वायफायला खोटा मॅक दाखवतो, प्रायव्हसीसाठी चांगलंच आहे ते, पण वायफाय फर्गेट करून परत जोडलं की कधी कधी नवा मॅक येतो आणि आपलं लीज हुकतं. घरच्या फोनवर, घरच्या वायफायपुरतं, ते सेटिंग बदलून फोनचा खरा मॅक ठेवा.

घड्याळ, ज्याच्याकडं कुणी बघत नाही

राउटरमध्ये घड्याळाची बॅटरी बहुतेक नसतेच. लाइट गेली आणि आली की त्याला वेळ माहीत नसते, इंटरनेटवर एनटीपी सर्व्हरला विचारून तो वेळ लावून घेतो. आपल्याकडं लाइटचं काय असतंय ते सगळ्यांना माहीत आहे, म्हणून सिस्टीमच्या पानावर टाइमझोन आशिया-कोलकाता निवडा, एनटीपी क्लायंट चालू ठेवा आणि त्याच्याच खाली एनटीपी सर्व्हर पुरवण्याचा चौकोन असतो त्यावर पण टिक करा. ती दुसरी टिक कॅमेऱ्यांसाठी. आपण कॅमेऱ्याचं बाहेर जाणं बंद करणार आहोत, मग त्याला वेळ कोण सांगणार, राउटरच सांगेल. डीव्हीआरच्या सेटिंगमध्ये एनटीपी सर्व्हर म्हणून राउटरचा पत्ता टाकायचा आणि टाइमझोन साडेपाच तास पुढचा. आमच्या गल्लीत एकाची मोटारसायकल गेली तेव्हा आमच्या कॅमेऱ्यात चोर दिसला खरा, पण फुटेजवर वेळ संध्याकाळी सात आणि गाडी तर रात्री साडेबाराला गेलेली, बरोबर साडेपाच तासांचा फरक. ते समजावून सांगता सांगता नाकी नऊ आले.

डीएनएस

नावावरून पत्ता शोधायची सर्व्हिस. कनेक्शनवाल्याचा डीएनएस चालतो, पण लेकरं असलेल्या घरात मी क्लाउडफ्लेअरचा १.१.१.३ लावला, तो घाण साइट आणि मालवेअरच्या साइट दोन्ही गाळतो. नुसतं मालवेअर गाळायचं असेल तर १.१.१.२ किंवा क्वाड-नाइनचा ९.९.९.९. वॅन, म्हणजे बाहेरच्या बाजूच्या, इंटरफेसच्या पानावर कनेक्शनवाल्याचा डीएनएस वापरायची टिक काढून आपले आकडे टाकायचे. आयपीव्ही-६, म्हणजे नेटवरच्या पत्त्यांची नवी पद्धत, चालू असेल तर वॅन-६ वर पण हेच करा, नाहीतर अर्धी चौकशी मागच्या दारानं जुन्याच ठिकाणी जाते.

कुणी फोनमध्ये हातानं दुसरा डीएनएस टाकला तर? त्यासाठी पोर्ट फॉरवर्ड्सच्या पानावर एक नियम बसतो: सोर्स झोन (झोन म्हणजे नेटवर्कचा एक भाग) लॅन, बाहेरचा पोर्ट ५३, टीसीपी-यूडीपी (डेटा पाठवायच्या दोन पद्धती) दोन्ही, आतला पत्ता राउटरचा. मग घरातून कुठल्याही डीएनएसला केलेली साधी चौकशी राउटरकडंच वळते. अँड्रॉइडचा प्रायव्हेट डीएनएस ८५३ पोर्टवर जातो, तो ट्रॅफिक रूलनं लॅन ते वॅन रिजेक्ट करा. ब्राउझरच्या आतला एचटीटीपीएसवरचा डीएनएस मात्र ४४३ वर बाकी वेबसाइटसारखाच दिसतो, तो असा थांबत नाही. म्हणून लेकरांशी बोलणं हे राउटरच्या सेटिंगच्या आधी येतं असं माझं स्पष्ट मत आहे.

आता झोन, म्हणजे खरं फायरवॉल

हे समजायला आपला जुना वाडा डोळ्यापुढं आणा. दिंडी दरवाजातून आत आलं की ढाळज, तिथं आल्या-गेल्याला बसवायचं, पाणी द्यायचं. त्याच्या आत चौक, मग माजघर. एका बाजूला गोठा. ढाळजेत बसलेला माणूस माजघरात जात नाही, माजघरातलं माणूस मात्र ढाळजेत पण येतं आणि गोठ्यात पण जातं. राउटरमध्ये हेच करायचं. लॅन म्हणजे माजघर, गेस्ट म्हणजे ढाळज, कॅमेरा म्हणजे गोठा, आणि वॅन म्हणजे दाराबाहेरचा रस्ता.

प्रत्येक झोनला तीन गोष्टी असतात. इनपुट म्हणजे त्या झोनमधून खुद्द राउटरशी बोलायला येणारं. आउटपुट म्हणजे राउटरकडून त्या झोनकडं जाणारं. फॉरवर्ड म्हणजे राउटरमधून पलीकडं, दुसरीकडं जाणारं. लोकांचा गोंधळ इनपुट आणि फॉरवर्डमध्ये होतो. कॅमेऱ्याचं फॉरवर्ड बंद केलं पण इनपुट उघडं ठेवलं तर कॅमेरा बाहेर जाणार नाही, पण राउटरचं लॉगिन पान मात्र त्याच्यासमोर उघडं राहतं.

आमची मांडणी अशी. लॅनला इनपुट, आउटपुट, फॉरवर्ड तिन्ही ॲक्सेप्ट, आणि लॅनमधून वॅन, गेस्ट, कॅमेरा तिन्हीकडं जायला परवानगी. गेस्टला इनपुट रिजेक्ट, आउटपुट ॲक्सेप्ट, फॉरवर्ड रिजेक्ट, आणि जायची परवानगी फक्त वॅनकडं. कॅमेऱ्याला इनपुट रिजेक्ट, आउटपुट ॲक्सेप्ट, फॉरवर्ड रिजेक्ट, आणि परवानगी कुठंच नाही. वॅनला जसं आलंय तसंच राहू द्या. तिथं मास्करेडिंग आणि एमएसएस क्लॅम्पिंग अशा दोन टिक असतात त्या काढू नका, दुसरी काढली तर पीपीपीओई वर काही साइट उघडतात आणि काही नुसत्या लटकतात, आणि कारण काही केल्या सापडत नाही.

लॅनमधून कॅमेऱ्याकडं परवानगी आणि उलटं नाही, तर मग चित्र दिसतं कसं? कारण फायरवॉल संभाषण लक्षात ठेवतं. मी फोनवरून डीव्हीआरला विचारलं तर त्या विचारण्याचं उत्तर परत येऊ देतं, पण डीव्हीआर आपणहून माझ्या फोनकडं यायला लागला तर अडवतं.

इनपुट रिजेक्ट केल्याबरोबर गेस्ट आणि कॅमेरा दोघांनाही पत्ता मिळायचा बंद होतो, कारण पत्ता राउटरच देतो आणि राउटरशी बोलायलाच आपण मनाई केली. इथं बरेच जण अडकतात आणि वैतागून इनपुट परत ॲक्सेप्ट करून टाकतात. तसं करू नका. ट्रॅफिक रूल्समध्ये जाऊन बारीक फटी ठेवायच्या. गेस्टसाठी दोन नियम: यूडीपी ६७ ॲक्सेप्ट, तो डीएचसीपीचा, आणि ५३ टीसीपी-यूडीपी ॲक्सेप्ट, तो डीएनएसचा. दोन्हीत सोर्स झोन गेस्ट आणि डेस्टिनेशन हे डिव्हाइस, म्हणजे राउटर स्वतः. कॅमेऱ्यासाठी यूडीपी ६७ आणि यूडीपी १२३, तो घड्याळाचा. कॅमेऱ्याला डीएनएस लागत नाही, दिलाच नाही.

वायरचे कॅमेरे वेगळ्या झोनमध्ये टाकायला राउटरचा एक पोर्ट (इथं पोर्ट म्हणजे वायर लावायची जागा) वेगळा काढावा लागतो. नेटवर्क, इंटरफेसेस, डिव्हायसेस, तिथं बीआर-लॅन नावाचा, पोर्ट एकत्र जोडणारा पूल असतो, त्यातून लॅन-४ काढायचा आणि लॅन-४ वर कॅमेरा नावाचा नवा इंटरफेस करायचा, पत्ता १९२.१६८.६०.१, डीएचसीपी चालू, झोन कॅमेरा. हे करताना तुमचा लॅपटॉप लॅन-४ मध्ये लावलेला नसावा. चुकून तसं झालंच तर घाबरू नका, सेव्ह अँड अप्लाय दाबल्यावर ठरावीक सेकंदांत राउटरला तुमचा ब्राउझर परत दिसला नाही तर तो आपोआप जुन्या सेटिंगवर जातो. बदल एका वेळी एकच करा म्हणजे काय बिघडलं ते कळतं.

गेस्ट वायफायवर आयसोलेट क्लायंट्सची टिक पण लावा, म्हणजे दोन पाहुणे एकमेकांचे फोन बघू शकणार नाहीत. दुकानात बसलेल्या शेतकऱ्यांना पीक विम्याचा फॉर्म बघायला, सातबारा काढायला नेट लागतं, त्यांना आम्ही हेच देतो. मनमोकळेपणानं देता येतं कारण बिलाचा कॉम्प्युटर त्या बाजूनं दिसतच नाही.

रिजेक्ट आणि ड्रॉप यातला फरक पण सांगतो. रिजेक्ट म्हणजे दारातून नाही म्हणून सांगणं, ड्रॉप म्हणजे दारच न उघडणं, आवाजच न देणं. घरातल्या वस्तूंना रिजेक्ट द्या, त्यांना लगेच कळतं आणि ॲप लटकत नाही. बाहेरच्याला ड्रॉप दिलं तरी चालतं. आणि नियम वरून खाली वाचले जातात, पहिला जो जुळला तो लागू, त्यामुळं एखादी सूट द्यायची असेल तर ती बंदीच्या वर असली पाहिजे.

रात्री दहानंतरचा नियम

घरात नीटचा अभ्यास चालू असला की हा विषय निघतोच. ट्रॅफिक रूलमध्ये वेळेचा टॅब असतो, सोर्स लॅन, पुतणीच्या फोनचा पत्ता, डेस्टिनेशन वॅन, रिजेक्ट, सुरुवात रात्री दहा, शेवट पहाटे पाच. सुट्टीचे दिवस वेगळे ठेवता येतात. तिथं वेळ युटीसीमध्ये (आपल्यापेक्षा साडेपाच तास मागं असलेल्या जागतिक वेळेत) धरायची का असा एक चौकोन आहे, तो रिकामा ठेवा, आणि नियम साडेपाच तास चुकीच्या वेळेला लागतोय असं दिसलं तर पहिल्यांदा तिथंच बघा.

पण यात एक गोम आहे. फायरवॉल आधीपासून चालू असलेलं संभाषण सगळ्यात वर पास करतं, नियमापर्यंत येऊच देत नाही. म्हणजे पावणेदहाला सुरू केलेला व्हिडिओ दहानंतर पण चालूच राहतो, नवीन काही उघडायला गेलं तरच अडतं. मला वाटलं नियम चालतच नाही, तीन दिवस तो बदलत बसलो. शेवटी सोपा मार्ग काढला, लेकरांसाठी वेगळं वायफाय नाव केलं आणि शेड्यूल्ड टास्कनं दहाला तेच बंद, पहाटे पाचला चालू. आणि हे पुतणीला समोर बसवून, तिला विचारून वेळ ठरवून केलं, परीक्षेच्या आधी तिनंच साडेनऊ करायला सांगितलं.

बाहेरून घर बघायचं असेल तर

गावाकडं आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या घरी, असलो की दुकानाचे कॅमेरे बघावे लागतात, ही खरी गरज आहे, म्हणूनच तो डीएमझेड झाला होता. डीव्हीआरचा पोर्ट फॉरवर्ड करू नका. ८० नाही, ५५४ नाही, आणि पोर्ट नंबर बदलून ५०,००० च्या पुढचा टाकला म्हणजे सुरक्षित असं पण नाही, स्कॅन करणारे सगळे ६५,५३५ पोर्ट बघतात. बिलिंगच्या कॉम्प्युटरचा ३३८९, म्हणजे रिमोट डेस्कटॉप, तर कधीच नाही.

त्याऐवजी वायरगार्ड बसवा, ते व्हीपीएन आहे, म्हणजे बाहेरून घरच्या नेटवर्कात यायचा कुलूपबंद रस्ता. राउटरवरच चालतं, फोनमध्ये ॲप असतं, क्यूआर स्कॅन केला की झालं. राउटरवर एकच दार उघडायचं, यूडीपी ५१८२०, वॅन ते डिव्हाइस, ॲक्सेप्ट. ज्याच्याकडं बरोबर चावी नाही त्याला वायरगार्ड उत्तरच देत नाही, त्यामुळं बाहेरून स्कॅन करणाऱ्याला तिथं काही आहे हेच कळत नाही. वायरगार्डच्या इंटरफेसला लॅन झोनमध्ये टाकलं की तुम्ही आखाड्यावर बसून माजघरात असल्यासारखे.

हे करायच्या आधी एक तपासा. राउटरच्या स्टेटस पानावर वॅनचा पत्ता बघा आणि ब्राउझरमध्ये माझा आयपी काय असं शोधून तो आकडा बघा. दोन्ही एकच असले तर उत्तम. वेगळे असले आणि मधे कनेक्शनवाल्याचा डबा असेल तर त्या डब्याच्या पानावरचा वॅन पत्ता बघा. तो १००.६४ ते १००.१२७ च्या मधला असला तर तुम्ही सीजीनॅटच्या मागं आहात, म्हणजे बऱ्याच घरांना मिळून बाहेरचा एकच पत्ता. जगातले आयपीव्ही-४ चे मोकळे गठ्ठे फेब्रुवारी २०११ मध्येच वाटून संपले, आणि सीजीनॅटसाठी ही मालिका २०१२ मध्ये राखून ठेवली. अशा कनेक्शनवर तुम्ही कितीही पोर्ट उघडा, बाहेरून काही येत नाही. मग तीन मार्ग: महिन्याला जास्तीचे पैसे भरून स्टॅटिक आयपी घ्या, किंवा आयपीव्ही-६ वरून वायरगार्ड चालवा, किंवा टेलस्केलसारखं व्हीपीएन वापरा, ते दोन्ही बाजूंनी आतून बाहेर येऊन भेटतं म्हणून त्याला दार लागत नाही. मी टेलस्केलवर आहे, मोबाइलचं नेट आखाड्यावर जसं येतं तसं त्यात पण चालून जातं.

आयपीव्ही-६ विसरू नका

आपल्या देशात आता आयपीव्ही-६ भरपूर चालतं आणि तुमच्या घरात बहुतेक आलेलंच आहे. आयपीव्ही-४ मध्ये नॅटमुळं आतल्या वस्तू आपोआप लपायच्या. आयपीव्ही-६ मध्ये प्रत्येक वस्तूला जगात एकमेव असलेला स्वतःचा पत्ता मिळतो आणि मधे उभं असतं ते फक्त फायरवॉल. कनेक्शनवाल्याच्या डब्यावर आयपीव्ही-६ फायरवॉलचं बटण वेगळं असतं, ते चालू आहे का बघाच. ओपनडब्ल्यूआरटीमध्ये झोनचे नियम दोन्हीला लागतात. तिथं आधीपासून आयसीएमपीव्ही-६ ला परवानगी देणारे काही नियम दिसतील, ते उघडं दार समजून खोडू नका. पत्ता शोधणं आणि पाकिटाचा आकार ठरवणं त्यावरच चालतं, ते खोडलं तर आयपीव्ही-६ अर्धवट बंद पडतं.

तपासणी

नियम लावले म्हणजे ते चालतात असं धरून चालू नका. लॅपटॉप लॅन-४ मध्ये लावा, म्हणजे तुम्ही स्वतः कॅमेरा झालात. आता राउटरचं पान उघडून बघा, उघडलं नाही पाहिजे. प्रिंटरला पिंग करा, नाही लागला पाहिजे. कुठलीही साइट उघडा, नाही उघडली पाहिजे. पत्ता मात्र १९२.१६८.६० चा मिळालेला असला पाहिजे. मग गेस्ट वायफायला जोडा, साइट उघडली पाहिजे पण राउटरचं पान आणि डीव्हीआर नाही. शेवटी फोनचं वायफाय बंद करून मोबाइल डेटावरून घरचा बाहेरचा पत्ता ब्राउझरमध्ये टाका, काही उघडलं नाही पाहिजे. एनमॅप, म्हणजे उघडे पोर्ट शोधायचं सॉफ्टवेअर, येत असेल तर बाहेरून स्वतःच्या घराचं स्कॅन करा, फक्त स्वतःच्याच.

लाइट, ऊन आणि वीज

आमचा राउटर आधी वरच्या पत्र्याच्या खोलीत होता, एप्रिल-मेमध्ये दुपारी हात लावला तर चटका बसायचा आणि आपोआप बंद-चालू व्हायचा. खाली जिन्याजवळ हवेशीर ठिकाणी आणल्यापासून ते थांबलं. दोन्ही डब्यांसाठी बारा व्होल्टचा छोटा डीसी यूपीएस घेतला, घेताना दोन्ही ॲडॉप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर जुळवून बघा, नऊ व्होल्टच्या डब्याला बारा दिले तर डबा जळू शकतो. वळवाच्या पावसात विजा फार पडतात आपल्याकडं. फायबर काचेचं असतं, त्यातून वीज येत नाही, पण गच्चीवरच्या कॅमेऱ्याची वायर तांब्याची आहे आणि ती डीव्हीआरमधून राउटरच्या पोर्टापर्यंत येते. आभाळ गडगडायला लागलं की आम्ही डब्यांचे प्लग आणि लॅन-४ ची वायर काढून ठेवतो.

सिस्टीम, बॅकअप, तिथून सेटिंगची फाइल उतरवून पेन ड्राइव्हमध्ये ठेवा, त्यात पासवर्ड पण असतात म्हणून कुणाला व्हॉट्सॲपवर पाठवू नका. आमची पहिली वही अजून गल्ल्याखाली आहे, नवीन वस्तू आली की त्यात ओळ वाढते. प्रत्येक फर्मवेअर अपडेटनंतर आणि कुणी मेकॅनिक येऊन हात लावून गेला की मी वरच्या सगळ्या तपासण्या परत करतो, पहिली ती मोबाइल डेटाची. फोन हातात घेतो, वायफाय बंद, घरचा पत्ता टाकतो आणि पान उघडत नाही ना एवढं बघतो.